किल्लीकाकांचा शहामृग

ज्या माणसानं उभा जन्म दुसऱ्यांची कुलपं उघडण्यात घालवला, त्याला स्वतःची एक साधी गोष्ट झाकून ठेवता येऊ नये, याला काय म्हणावं? दिव्याखाली अंधार म्हणावं, तर किल्लीकाका चिडायचे. अंधार असता तर परवडलं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या दिव्याखाली लख्ख उजेड होता आणि तो सगळा नातेवाइकांच्या घरात पडत होता.

काकांचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालचा कोनाडा. एका अंगाला औषधवाला, दुसऱ्या अंगाला लॉन्ड्रीवाला. आत उभं राहिलं की डोकं जिन्याला आपटतं, म्हणून काकांचा सगळा कारभार बसून चालतो. पुढ्यात किल्ली पकडायचा शिकंजा, डाव्या हाताशी कानशी, उजव्या हाताशी किल्ली कापायचं मशीन आणि पाठीमागे फळीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. मशीन सुरू झालं की पितळेचा कीस उडतो आणि थेट काकांच्या मिशीत जाऊन बसतो. संध्याकाळी दुकान बंद करून निघाले की मिशी अशी चमकते, की नव्या माणसाला वाटावं गृहस्थ नटूनथटून कुठेतरी निघालेत.

धंद्याचे नियम त्यांनी दोनच ठेवले होते. पहिला, कुलूप दिलं की किल्ली बरोबर द्यायची. बिनकिल्लीचं कुलूप गळ्यात मारणं म्हणजे शुद्ध फसवणूक. दुसरा, दिलेली किल्ली परत मागायची नाही. भाडेकरू सोडून गेला किंवा भावाभावांत फाटलं की लोक यायचे आणि मोठ्या समाधानानं सांगायचे, किल्ली परत घेतली, आता घोर नाही. काका कानस खाली ठेवायचे. परत आली ती एक, म्हणायचे, तिला पिल्लं किती झाली ते मला विचारा, मीच काढून दिलीत. कुलूप बदला.

आता झालं असं, की पहिला नियम काकांनी मोबाइललाही लावला. त्यांच्या घराण्यात वस्तू टाकून द्यायची पद्धत नव्हती, ती खालच्या पायरीवर सरकायची. काकांना किल्ल्यांचे फोटो काढायला कॅमेरा चांगला लागे, म्हणून नवा फोन पहिल्यांदा त्यांच्याकडे येई आणि जुना पुढे जाई. एक थोरल्या ताईकडे गेला. एक धाकट्या भावाकडे गेला. एक शेजारीच राहील म्हणून लॉन्ड्रीवाल्याला दिला, एक काच फुटून घरच्या खणात पडला. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिच्या सामानात टॅबलेट गेला. आणि प्रत्येक वस्तूच्या पाठीवर काकांनी पांढरी चिकटपट्टी लावून तीवर सुवाच्य अक्षरात आपला पासवर्ड लिहून दिला. कुलपाबरोबर किल्ली नको का? आतलं खातं मात्र पुसायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. घेणाऱ्यांनीही ते कधी सांगितलं नाही. सांगतील कशाला? फुकटची करमणूक कोण घालवतो?

त्यामुळे काकांचं आयुष्य चमत्कारांनी भरलं होतं. त्यांनी गुपचूप फोनवर गुडघेदुखीचा उपाय शोधावा, की दुसऱ्या दिवशी ताई तेलाची बाटली घेऊन दारात. मिशीला कलप लावावा का, असं त्यांनी नुसतं फोनला बोलून विचारलं, तर धाकट्याचा निरोप आला, दादा, काळी नको, तपकिरी घे, शोभेल. पाणी कुठे मुरतंय ते काकांना कळेना. संशय गेला शेजारी. लॉन्ड्रीवाला दिवसभर इस्त्री फिरवत असतो, त्याचे कान मोकळेच असतात. काकांनी त्याच्याशी महिनाभर अबोला धरला. बिचाऱ्यानं त्या काळात काकांचे शर्ट जास्तच कडक इस्त्री करून दिले, आपलं काय चुकलं या काळजीनं.

याच सुमाराला दुकानात एक्सचेंजबाई आल्या.

टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या, चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेल्या, बोलणं मोजकं आणि आवाज असा स्वच्छ की पलीकडच्या गावात ऐकू जावा. त्यांच्या तरुणपणी दोन माणसांना बोलायचं असलं की मधे ऑपरेटर लागे. दिवा पेटला की कॉर्ड उचलायची, खाचेत खुपसायची, जोडून द्यायचं आणि आपला कान काढून घ्यायचा. सगळी नोकरी त्यांनी तशीच केली. कुणाच्या बोलण्यात एक शब्द टाकला नाही, याचा त्यांना साधा, सरळ अभिमान होता.

पहिल्या खेपेला त्या हरवलेली किल्ली करून घ्यायला आल्या. नंतर जादा असावी म्हणून आल्या. मग आणखी एक. एका दाराचं घर, राहणारी एकटी बाई, आणि चौथी किल्ली मागायला आल्या तेव्हा काकांना राहवेना. इतक्या किल्ल्या देता कुणाला, त्यांनी विचारलं. कुणाला नाही, बाई म्हणाल्या, डब्यात ठेवते. मग आणखी कशाला? किल्ली छान करता तुम्ही, असं म्हणून बाई निघून गेल्या. त्याचा अर्थ काकांच्या डोक्यात दुसऱ्या दिवशी सकाळी शिरला, तोही कानस चालवता चालवता, आणि एक चांगली कोरी किल्ली वाया गेली.

मग बुधवार सुरू झाले. बुधवारी दुपारी दुकान बंद असे. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात खिडकीशेजारच्या टेबलावर दोघं बसत. काकांचा फोनसुद्धा त्या दिवसांत शहाणा झाला होता. बुधवारी सकाळी घंटा वाजे आणि पडद्यावर आठवण उमटे: निळा शर्ट. ढग आले की उमटे: छत्री घेणे. एकदा तर चक्क आलं: मिशीतला कीस झटकणे. हे सगळं आपणच कधीतरी लावून ठेवलं असणार आणि विसरलो असणार, अशी काकांनी समजूत करून घेतली होती. वय झालं की माणूस स्वतःच्याच शहाणपणानं चकित होतो.

बाईंची अट एकच होती. तुमच्या मुलीला हे तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. इकडून तिकडून कळलं तर मी त्या टेबलावर पुन्हा दिसणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी मधल्या माणसाकडून पोचताना मी पाहिल्या आहेत, माझी तशी पोचायला नको.

काका हो म्हणाले आणि पुढचे कितीतरी रविवार मुलीशी फोनवर हवापाण्याचं बोलत राहिले. कारण साधं होतं, त्यांना भीती वाटत होती. मुलगी शाळेत असताना तिची आई गेली. शाळेतून येऊन एकटीनं दार उघडायचं म्हणून काकांनी तिच्यापुरती छोटी किल्ली घासून दिली होती, बोटांना टोचू नये म्हणून कडा गोल केलेली. त्या दोघांचं घर ते दोघांचंच होतं. आता त्या घराची आणखी एक किल्ली निघतेय, हे लेकीला कसं सांगायचं? प्रत्येक रविवारी शब्द ओठांवर यायचे आणि काका विचारायचे, तुमच्याकडे पाऊस कसा आहे. एकदा मुलगी म्हणाली, बाबा, इकडे उन्हाळा चालू आहे.

अशात काकांनी एक फोटो काढला. एक जुनं पितळी कुलूप दुरुस्तीला आलं होतं. ते जरा हातात धरा, आकार कळेल, असं त्यांनी बाईंना सांगितलं. फोटोत कुलूप कोपऱ्यात गेलं आणि बाई मधोमध आल्या. काकांचा हात कॅमेऱ्यावर इतका बसलेला असताना हे कसं झालं, ते बाईंनी विचारलं नाही. संध्याकाळी ताईचा फोन आला. कुलूप चांगलंय, ती म्हणाली, धरणारी कोण? गिऱ्हाईक, एवढं म्हणून काकांनी अळीमिळी गुपचिळी केली.

पुढच्या बुधवारी चहा येतो न येतो तोच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा धाकटा भाऊ दारात उभा. सहज आलो होतो, म्हणाला. खुर्ची ओढली, चहा मागवला, बाईंना त्यांचं गाव, नोकरी, रक्तदाब असं सगळं विचारून घेतलं, आणि उठताना काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, पोरीला कळवलंस का? नाहीतर मी सांगतो, मला काही जड नाही." त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे काकांना लहानपणापासून ठाऊक होतं. येत्या रविवारपर्यंत गप्प राहा, म्हणून त्यांनी त्याला जवळजवळ हात जोडले. धाकटा बघतो म्हणाला. बघतो म्हणजे त्याच्या भाषेत बसमध्ये बसेपर्यंत.

काकांनी चहाचा कप बाजूला सारला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तुमच्या लाइनवर कोणीतरी आहे," त्या म्हणाल्या.

लॉन्ड्रीवाला, काका म्हणाले. बाईंनी मान हलवली. अंदाज नको, लाइन तपासू. आमच्याकडे लाइन तपासायची तर एक खोटा कॉल सोडायचो आणि कुठला दिवा पेटतो ते बघायचो. त्यांनी काकांचा फोन घेतला, शोधायच्या जागी एका बोटानं काहीतरी टिपलं आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला. काकांनी वाकून वाचलं. घरात शहामृग पाळता येतो का?

"आता आणखी एक चहा सांगा," बाई म्हणाल्या.

तो चहा यायच्या आधी ताईचा फोन. तिचा सूर काळजीचा होता. घराला धड गॅलरी नाही, एवढा मोठा पक्षी ठेवणार कुठे? लाथ मारतो म्हणे तो, आणि तुझे गुडघे असे. काकांनी कसंबसं तिला थांबवलं, तेवढ्यात बसमधून धाकट्याचा फोन. त्याचा प्रश्न व्यवहाराचा होता, अंडं देणारा आणणार की नुसताच? काका आ वासून बाईंकडे बघत राहिले. बाई मात्र खिडकीबाहेर बघत हसू दाबत होत्या, आणि ते त्यांना नीट जमत नव्हतं.

दोन दिवे पेटले, त्या म्हणाल्या. या दोघांना तुम्ही काय दिलंय? काकांनी सांगितलं. जुने फोन. पुसून दिलेत? पुसून म्हणजे, काच पुसली होती. आणि पासवर्ड? तो पाठीवर लिहून दिलाय, काका अभिमानानं म्हणाले, बिनकिल्लीचं कुलूप मी कुणाला देत नाही. वाक्य पुरं होता होता त्याचा अर्थ त्यांच्याच कानावर पडला. सगळ्या गावाला दुसरा नियम शिकवणारा माणूस त्या टेबलावर क्षणभर अगदी लहान झाला. मग स्वतःच खो खो हसला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

बाईंनी खातं उघडलं आणि आत कुठे कुठे दार उघडं आहे ते दाखवणारं पान काढलं. इथे सगळी मंडळी ओळीनं बसलेली होती. ताईचा फोन, धाकट्याचा फोन, घरच्या खणातला फुटक्या काचेचा फोन, आणि लॉन्ड्रीवाल्याचा. म्हटलं नव्हतं मी, काका म्हणाले. पण त्या ओळीवर बोट ठेवल्यावर दिसलं की तो फोन गेली दोन वर्षं उघडलाच नव्हता. काकांना नंतर कळलं, त्यानं तो शर्टाच्या खिशात ठेवून शर्टासकट धुऊन काढला होता आणि वाईट वाटेल म्हणून काकांना सांगितलं नव्हतं. तो महिनाभराचा अबोला काकांना त्या क्षणी चांगलाच झोंबला.

"काढा," काका म्हणाले. बाईंनी एकेक दाबायला सुरुवात केली. त्यांचा हात असा चालत होता, जणू पुन्हा कॉर्ड उपसताहेत. फुटका गेला, कोणी हूं की चूं केलं नाही. धुतलेला गेला. ताईचा गेला आणि लगेच ताई फोनवर हजर. माझी रेडिओवरची गाणी गेली, सकाळचा गजर गेला, आता मी उठू कशी? इतकी वर्षं तुझ्याच गजरानं उठतेय मी. काकांना आजवर कोडं होतं, ताई आपल्याइतकीच लवकर कशी उठते. धाकट्याचा गेला तेव्हा तो नुसतं दुखावल्या आवाजात म्हणाला, दादा, विश्वास नाही राहिला का आपल्यात? काकांनी फोन ठेवून दिला.

खाली एकच ओळ उरली. टॅबलेट, दुसऱ्या शहरात.

"हा राहू दे," काका घाईनं म्हणाले. "लेकीकडचा आहे. तिचं स्वतःचं सगळं असतं, तो कपाटात पडला असेल. तिनं उघडला असता तर आतापर्यंत बोलली असती."

फोनची घंटा वाजली. पडद्यावर आठवण उमटली: शहामृगाला निळा शर्ट बसणार नाही.

हे आपण लावलेलं नाही, एवढं काकांना नक्की कळलं. त्यांनी फोन उचलला आणि मागच्या आठवणी वर सरकवत नेल्या. निळा शर्ट. छत्री घेणे. कीस झटकणे. त्याच्या आधी एक, त्यांनी कधी बघितलीच नव्हती: आज जास्त ऐकणे, कमी बोलणे. पहिल्या बुधवारची. त्यांचे डोळे भरून आले. जिच्यापासून इतके महिने लपवत होते, तीच दर बुधवारी सकाळी त्यांना तयार करून पाठवत होती. आणि रविवारी पावसाच्या चौकशीला उन्हाळ्याचं उत्तर देत, बाप कधी सांगतो याची वाट बघत होती.

बाईंनीही ते वाचलं. तिला कळलंय, त्या हळू म्हणाल्या, आणि टेबलावरची आपली पिशवी मांडीवर घेतली. त्यांची अट त्यांनी पुन्हा बोलून दाखवली नाही. काकांना ती पिशवी दिसली, आणि या बाईशिवायचे बुधवार कसे असतील तेही दिसलं.

"हा दिवा कुणाचा ते तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "कॉर्ड तुम्ही काढा."

काकांनी शेवटच्या ओळीवर बोट दाबलं. ती गेली. मग त्यांनी पासवर्डही बदलला, आणि तो कुठल्याही पट्टीवर लिहिला नाही. त्यानंतर मुलीला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर बाईंच्या नि आपल्या मधे ठेवला.

पलीकडून मुलीचा आवाज आला, जरा चोरट्यासारखा. बाबा, टॅबलेट बंद पडला.

"बंद नाही पडला. कुलूप बदललंय मी."

ती म्हणाली, "सॉरी, बाबा. पण मला सगळं माहीत आहे."

"माहीत असलं तरी ऐक," काका म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "मागच्या दारानं तुला काय कळलं ते मी धरत नाही. मी अजून सांगितलेलं नाही ना? मला एक बाई आवडतात. त्या इथे समोर बसल्या आहेत. तुझ्या आईची जागा आहे तिथेच आहे, ती मी हलवलेली नाही. पण मला उरलेलं आयुष्य यांच्याबरोबर चहा प्यायचा आहे. हे सगळ्यात आधी तुला सांगायचं होतं, आणि मी घाबरलो."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज झाला. मग हसल्याचा.

"म्हणून तर थांबले होते," मुलगी म्हणाली. "म्हटलं, बाबा स्वतः सांगतील. पण शहामृगाचं वाचलं आणि मला वाटलं, तुमचं काही खरं नाही. पण बाबा, आता तुम्हाला शर्टाची आठवण कोण करणार?"

काकांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मांडीवरची पिशवी परत टेबलावर ठेवली, चष्मा नीट केला आणि फोनच्या दिशेनं वाकल्या. सगळ्या नोकरीत जे एकदाही केलं नव्हतं, ते त्यांनी केलं. त्या दुसऱ्यांच्या बोलण्यात मधे बोलल्या.

"शर्ट चांगला असतो, बाळ. मोजे मात्र दर बुधवारी दोन वेगळ्या रंगांचे असतात. यापुढे काही आठवण करायची असली, तर मला फोन करत जा. मी समोरच बसलेली असते."

काकांनी टेबलाखाली वाकून बघितलं. एक करडा होता, एक तपकिरी.